रामनगर : चार महिन्यांचं बेट

माझी आत्या वाराणसीत राहते, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. आत्या दर वेळी मला दुरुस्त करायची. "वाराणसीत नाही गं, रामनगरात. मधे गंगा आहे." या 'मधे गंगा आहे'चा अर्थ मला २०२५च्या पावसाळ्यात तिच्याकडे मुक्काम केला तेव्हा कळला.

आधी माझ्याबद्दल थोडं. बीए इंग्लिश झाल्यावर मी कंटेंट रायटर झाले. एका शॉपिंग ॲपसाठी मोबाइलवर टणकन येऊन पडणाऱ्या सूचना लिहिणं हे माझं काम. 'फक्त दोन तास उरले!', 'शेवटची संधी!', 'आत्ता नाही तर कधीच नाही!' संधी शेवटची नसते हे मला माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. काम घरून चालतं, म्हणून जुलैत लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेले. तिथे पहिल्यांदाच अशा सूचना वाचल्या, ज्या वाचून माणसं खरोखर उठतात आणि सामान माडीवर चढवतात.

काशीचे सगळे घाट गंगेच्या एकाच काठावर आहेत, पश्चिमेच्या. समोर पूर्वेला बहुतेक ठिकाणी नुसती वाळू. त्याच काठाने दक्षिणेकडे गेलं की चुनारच्या दगडात बांधलेला रामनगरचा किल्ला दिसतो. अठराव्या शतकात काशीनरेश बलवंत सिंह यांनी तो बांधला. किल्ल्याभोवतीचं गाव ते रामनगर. गाव तसं साधंच. मातीच्या कुल्हडातली मलईदार लस्सी, भरताला लागणारं मोठं पांढरट वांगं (त्याला इथे भंटा म्हणतात आणि २०२३ साली त्याला जीआय मानांकनही मिळालं), लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर आणि किल्ल्यातलं संग्रहालय. संग्रहालयात पालख्या, जुन्या मोटारी, हत्यारं आहेत आणि वेळेबरोबर वार, महिना, सूर्य-चंद्राची स्थितीही सांगणारं एक अजब घड्याळ आहे. ते बघायला मात्र सवडीने जा, आम्ही तिथेच अर्धा तास उभ्या होतो.

आत्या लग्न होऊन इथे आली तेव्हा सामने घाट आणि रामनगर यांच्यामध्ये पक्का पूल नव्हता. होता तो पीपा पूल. लोखंडी पोकळ पिंपं पाण्यावर ओळीने बांधायची आणि त्यांवर फळ्या टाकायच्या. गाडी गेली की सगळा पूल खडखड वाजायचा, कडेने चालणारा माणूसही वरखाली व्हायचा. जूनच्या मध्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसं येत आणि पावसाळ्याआधी पूल सुटा करून काठावर लावत. त्याची सूचना पेपरात दोन ओळींत यायची. पाणी उतरल्यावर, दिवाळीच्या आसपास, तो पुन्हा जोडला जाई.

"त्या दोन ओळी आल्या की आमचं बेट व्हायचं," आत्या म्हणाली. "समोर विद्यापीठ दिसायचं, दवाखाना तिकडे, बाजार तिकडे. आणि आम्ही इकडे."

उरायच्या दोन वाटा. एक नाव. दुसरी, राजघाटच्या मालवीय पुलावरून मोठा वळसा. हा पूल १८८७चा. वर रस्ता आणि खाली रेल्वे, आणि रस्त्यावर दिवसभर ट्रकांची रांग. माझ्या आतेभावाचा जन्म ऑगस्टमधला. रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा नाव बंद होती, पीपा पूल काठावर पडला होता आणि जीप राजघाटच्या पुलावर ट्रकांमागे अडकली होती. नदीपलीकडचा जो दवाखाना आत्याला गच्चीवरून दिसायचा, तिथे पोचायला त्या रात्री अडीच तास लागले. सगळं नीट पार पडलं म्हणून आता ती हे हसत सांगते. काका अजून हसत नाहीत. सप्टेंबर २०१७मध्ये सामने घाटचा पक्का पूल सुरू झाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघं स्कूटरवरून उगाचच तीनदा पलीकडे जाऊन आली.

पूल झाला तरी नदी नदीच राहिली. पावसाळ्यात रामनगरची सकाळ एका आकड्याने सुरू होते. राजघाटला केंद्रीय जल आयोगाचं मोजमाप केंद्र आहे. तिथला आकडा पेपरात, टीव्हीवर, पानाच्या टपरीवर, सगळीकडे असतो. वाराणसीसाठी इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२ आणि आजवरची सर्वांत मोठी, १९७८च्या महापुरातली, ७३.९०१. हे तीन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. त्यासोबत एक शब्द येतो, 'बढाव', 'घटाव' किंवा 'स्थिर', आणि तासाला किती सेंटीमीटर तेही.

श्रावणात माझी आजी सांगलीहून आली. बाबांनी तिला आणून सोडलं. आली ती आपल्या श्रावणाच्या हिशोबाने, आणि इकडे बघते तर श्रावण निम्मा संपलेला! उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. "माझे पंधरा दिवस खाल्ले यांनी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरातला आकडा मी तिला वाचून दाखवला तर तिचे डोळे विस्फारले. "एकाहत्तर मीटर? म्हणजे दोनशे तीस फूट पाणी?"

आजीचं चुकत नव्हतं. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फुटात मोजतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. तिथे आकडा पुलापाशी पाणी किती चढलं ते सांगतो. इथला आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. म्हणजे पुराचं पाणी धोक्याच्या रेषेवर असलं तरी ते समुद्रापेक्षा जेमतेम एकाहत्तर मीटर उंच, आणि समुद्र तर पार बंगालच्या टोकाला. एवढ्या लांबच्या वाटेला एवढासाच उतार, म्हणून इथलं पाणी चढल्यावर रेंगाळतं. सांगलीसारखं इथेही दुसऱ्या नद्या येऊन मिळतात. चंबळ, बेतवा, केन या यमुनेत आणि यमुना प्रयागराजला गंगेत. राजस्थानात किंवा बुंदेलखंडात जोराचा पाऊस झाला की इकडे ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. मग ते वरुणेसारख्या छोट्या नद्यांत उलटं शिरतं. 'पलट प्रवाह' म्हणतात त्याला. नदीपासून लांब असलेल्या वस्तीत पाणी मागच्या दाराने येतं ते असं.

आजीने हे सगळं ऐकलं आणि बोटांवर हिशोब केला. "इशारा आणि धोका यांच्यात एक मीटर. तासाला दोन सेंटीमीटर चढलं तर पन्नास तास. म्हणजे दोन दिवस आहेत हातात. चार चढलं तर एकच." त्या दिवसापासून सकाळी पेपर आधी तिच्याकडे जायला लागला.

तिला हा हिशोब का येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. २००५च्या पुरात पाणी पायरीपर्यंत आलं आणि फिरलं. त्यामुळे २०१९च्या ऑगस्टमध्ये सूचना येत होत्या, रिक्षावरचा भोंगा गल्लीत ओरडत होता, तरी आजोबा म्हणाले, "पायरीच्या वर येत नाही आपल्याकडे." त्या वर्षी आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आजी-आजोबा वरच्या मजल्यावर दोन रात्री होते, मग बोटीतून बाहेर काढले. त्याच सप्टेंबरात दोघांचं काशीला यायचं ठरलं होतं, तिकिटं काढलेली होती. तिकिटं रद्द झाली, मग कोरोना आला आणि आजोबा २०२१च्या जानेवारीत गेले.

आजोबा लहानपणी त्यांच्या आजीबरोबर काशीला येऊन गेले होते. आधी विश्वनाथ, मग नावेतून गंगा ओलांडून रामनगरला वेदव्यास, ही त्यांनी सांगितलेली यात्रा. व्यासांची कथा अशी की काशीत भिक्षा मिळाली नाही म्हणून ते चिडले आणि नगरीलाच शाप देऊ लागले. शंकराने त्यांना काशीबाहेर काढलं. ते गंगेपलीकडे जाऊन राहिले, समोर काशी दिसेल अशा जागी. किल्ल्यात त्यांचं मंदिर आहे आणि व्यासांचं दर्शन घेतल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही, असं मानतात. दुसरीही एक समजूत आहे. काशीत मरण आलं तर मोक्ष आणि या काठावर आलं तर पुढचा जन्म गाढवाचा! आत्या म्हणते, "मी तर वीस वर्षं इथेच आहे, आता काय ते होऊ दे."

आजीची एकच इच्छा होती. विश्वनाथाचं दर्शन झालं की परत येताना नावेतून यायचं. आजोबा आले होते तसं.

आम्ही गेलो तेव्हा पाणी दोन दिवस उतरत होतं. पेपरात 'घटाव' होता. पण नावांवरची बंदी उठलेली नव्हती. पाणी चढलं की प्रशासन आधी छोट्या नावा थांबवतं, मग सगळ्याच. जलपोलिसांचा भोंगा घाटावर फिरत असतो. दर्शन करून अस्सी घाटाकडे आलो तर पायऱ्या पाण्यात, घाटाघाटांना जोडणारी वाट पाण्यात, नावा वर ओढून साखळ्यांनी बांधलेल्या. आम्ही परत फिरणार तेवढ्यात एक तरुण नावाडी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माताजी, उधर से निकाल देंगे. आधे घंटे का काम है."

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. आजी एवढ्या लांबून आली, परत कधी येणार? "आजी, पाणी उतरतंय. घटाव आलाय पेपरात. चल ना," मी म्हणाले. शेवटची संधी, हे शब्द माझ्या तोंडावर येऊन थांबले होते.

आजीने त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, "आदमी कितने?"

"आप दोनों, और सात-आठ और हैं. बस."

आजी नावेकडे बघत राहिली. मग पाण्याकडे. वरून ते संथ दिसत होतं, पण मधून एक अख्खं झाड वाहत गेलं, आणि ते कुठल्या वेगाने गेलं ते आम्ही दोघींनीही पाहिलं. "नको," ती म्हणाली. त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवले आणि वळली. तो पैसे घेईना. तिने घ्यायला लावले.

सामने घाटच्या पुलावरून ई-रिक्षाने परत येताना मी फुगून बसले होते. पुलाच्या मध्यावर आजी बोलली. "ब्रह्मनाळ आठवतं तुला?"

मला आठवत होतं, पण बातमी म्हणून. आजीला वेगळं आठवत होतं. ८ ऑगस्ट २०१९. आमच्याच जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ गाव. पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव माणसांनी गच्च भरली होती. ती उलटली. बायका, मुलं, म्हातारी माणसं वाचण्यासाठीच तिच्यात बसली होती. आजी-आजोबा त्या दिवशी माडीवर बोटीची वाट बघत होते आणि फोनवर ही बातमी आली. "आमची बोट आली तेव्हा तुझे आजोबा चढेनात," आजी म्हणाली. "मोजत होते. एक, दोन, तीन. सैन्यातल्या माणसासारखे दारात उभे राहून मोजत होते. जॅकेट किती, माणसं किती. ते पोरगं ओरडलं त्यांच्यावर, तरी मोजून झाल्यावरच बसले."

मी काही बोलले नाही. ज्या घाटावर आजोबा नावेत बसले होते तिथे आजी नावेत बसली नाही, आणि तीही त्यांच्यामुळेच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गंगेने धोक्याची रेषा ओलांडली. ऐंशीच्या वर घाट पाण्याखाली गेले. दशाश्वमेधची आरती इमारतीच्या गच्चीवर होऊ लागली, मणिकर्णिकेला चिता वरच्या छतावर पेटू लागल्या. रामनगरचा किल्ला उंचावर आहे, आत्याचं घरही. पण याच काठावर राजघाटच्या बाजूला डोमरी, सूजाबादसारख्या सखल गावांत शेतं आधी जातात. एनडीआरएफची अकरावी तुकडी वाराणसीतच असते, त्यांच्या बोटी दिसायच्या. आणि सूचना येतच होत्या. अमुक भागाची वीज बंद राहील. शाळांना सुट्टी. पाणी उकळून प्या. जनावरं उंच जागी न्या. त्यांत एकही उद्गारचिन्ह नव्हतं, हे माझ्या आधी लक्षात आलं. त्या लिहिणाऱ्याला कोणाला घाई करायला लावायची नव्हती. घाई असली तर ती आकड्यातच होती.

मात्र या सूचनांचा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही. आम्ही नावेऐवजी ई-रिक्षा केली, आमचे वीस-तीस रुपये गेले. नावाड्यांच्या घरी दोन-अडीच महिने चूल कशावर पेटते? तो मुलगा लबाड होता असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. बंदी योग्यच होती आणि त्याची गरजही खोटी नव्हती.

आजी जायच्या आधी आम्ही तिला किल्ल्यात व्यासांकडे नेलं. घरापासून चालत दहा मिनिटं! इतक्या जवळ असून ती थांबली होती, आधी विश्वनाथ व्हायला हवा म्हणून. दर्शन झाल्यावर ती तटाशी उभी राहिली. समोरचा वाळूचा काठ कुठे संपतो ते कळत नव्हतं, सगळं एकच तपकिरी पाणी. लांबवर काशीचे कळस. "इथून बरं दिसतं," ती म्हणाली. "हाकलून दिलं तरी जागा चांगली निवडली की व्यासांनी."

मी रामलीलेसाठी थांबले. अनंत चतुर्दशीला ती सुरू होते आणि एकतीस दिवस चालते. युनेस्कोच्या वारशाच्या यादीत रामलीलेचं नाव आहे, पण बघायला गेलात तर आधी डोळ्यांना अंधाराची सवय करावी लागते. इथे माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्स आणि मशाली. रंगमंचही एक नाही, सगळं गावच रंगमंच. अयोध्या एका टोकाला, जनकपूर दुसरीकडे, लंका पार लांब मैदानात. प्रसंग बदलला की हजारो माणसं पाट, कंदील, रामचरितमानसाची पोथी घेऊन चालू लागतात. पावसाचे दिवस असतात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन लोक बसून राहतात. आणि संवाद सुरू होण्याआधी एक हाक येते, "चुप रहो! सावधान!" माइकशिवाय दिलेली तीन शब्दांची सूचना, आणि एवढा जमाव गप्प होतो. माझ्या पोटात खड्डा पडला. मी दिवसाला चाळीस सूचना लिहिते, त्यांतली एक तरी कोणी अशी ऐकतं का?

तुम्हाला जायचं असेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीचं मुगलसराय, रामनगरला जवळ पडतं. वाराणसीत उतरलात तर बनारस हिंदू विद्यापीठाच्या लंका गेटपासून सामने घाटच्या पुलावरून ई-रिक्षा मिळतात. रामलीला बघायची तर अनंत चतुर्दशीपासून दसऱ्यापुढच्या काही दिवसांपर्यंत. नुसतं फिरायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं असलं की नावा सकाळी उशिरा सुटतात, हे धरून चला. जुलै ते सप्टेंबरमध्ये मुलाबाळांना घेऊन निघत असाल तर जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ॲप फोनमध्ये ठेवा. २०२३ साली आलंय, तुमच्या गावच्या नदीचीही पातळी त्यात बघता येते. विजेच्या इशाऱ्यासाठी आपल्या पुण्याच्या संस्थेने केलेलं 'दामिनी' आहे. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. नारंगीला 'बघू की' म्हणायची आपल्याला सवय आहे. आमच्या घरातही होती.

दिवाळी सांगलीत करून नोव्हेंबरात मी आठ दिवस परत रामनगरला गेले. पाणी खाली गेलं होतं, समोर वाळू पुन्हा वर आली होती, घाटांच्या पायऱ्यांवरचा गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढलेला. अस्सीवरून नाव केली. किल्ल्याच्या दिशेला निघालो तेव्हा आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिला घाट दाखवले, किल्ला दाखवला, पाण्यावरचे पांढरे पक्षी दाखवले. ती काही वेळ नुसती बघत होती.

"छान आहे," ती म्हणाली. मग फोन जवळ घेतला, कपाळच दिसायला लागलं. "नावेत माणसं किती गं? मोज बरं."

मी मोजली. नावाडी धरून नऊ. जॅकेट बारा होती.

"बरं," आजी म्हणाली. "आता व्यासांकडे नीट दाखव."